सिम रेसिंगचा ड्रायव्हर व्हायचंय: पहिल्या व्हीलपासून टीममधल्या जागेपर्यंत

२०१७ साली मॅक्लारेनने जगातला सर्वांत वेगवान गेमर शोधायला स्पर्धा घेतली आणि ती नेदरलँड्सच्या रुडी व्हॅन ब्युरेनने जिंकली. तोवर तो सेल्समध्ये नोकरी करत होता. बक्षीस म्हणून त्याला मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन संघाच्या सिम्युलेटरवर काम मिळालं. ब्रिटनच्या जेम्स बाल्डविनने २०१९ मध्ये याच धर्तीची स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश जीटी मालिकेत खऱ्या मॅक्लारेनमध्ये बसून रेस जिंकून दाखवली. अमेरिकेचा विल्यम बायरन किशोरवयात घरच्या कॉम्प्युटरवर आयरेसिंग हा ऑनलाइन रेसिंगचा गेम चालवत तयार झाला. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० ही अमेरिकेतली नावाजलेली शर्यत त्याच्या नावावर आहे.

प्रत्येक नवखा हीच नावं ऐकून सिम रेसिंगमध्ये येतो, म्हणजे कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशनला व्हील आणि पेडल लावून खऱ्यासारखी रेस खेळायला (अशा गेमला सिम म्हणतात). नावं खरी आहेत, रस्ताही खरा आहे, पण फार अरुंद आहे. त्या टोकापर्यंत न पोचताही या खेळात पुष्कळ काही करता येतं. त्यासाठी एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या: वेगवान पोरं भरपूर आहेत, पण ज्याच्या शेजारून ताशी २०० किलोमीटरने जाताना धाकधूक वाटत नाही असा ड्रायव्हर प्रत्येक टीमला हवा असतो आणि तो सहजी मिळत नाही. पुढचं सगळं त्याच दृष्टीने लिहिलं आहे.

आधी एकच सिम निवडा

आयरेसिंग, असेटो कोर्सा कॉम्पिटिझियोने, ग्रान टुरिस्मो ७, एफ-वनचा अधिकृत गेम अशी बरीच दुकानं उघडी आहेत. सगळीकडे थोडं थोडं चाखत बसलात तर वर्ष निघून जाईल.

प्लेस्टेशन घरात असेल तर ग्रान टुरिस्मो ७ पासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. याच मालिकेतून निसान आणि सोनीची जीटी अकॅडमी, म्हणजे गेमरना खरे रेसर बनवणारी स्पर्धा, २००८ साली सुरू झाली. २०११ चा विजेता यान मार्डनबरो दोनच वर्षांत ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आला होता. पीसी असेल आणि जीटी३ गाड्यांची (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाड्यांची) आवड असेल तर कॉम्पिटिझियोने घ्या. एकदाच पैसे भरायचे, सेलमध्ये तर फारच स्वस्त मिळतो.

करिअरचा विचार पक्का असेल तर मात्र माझं मत आयरेसिंगच्या बाजूने आहे. ते महाग आहे: वर्गणी वेगळी, वर जवळपास प्रत्येक गाडी आणि ट्रॅक वेगळा विकत घ्यायचा, एक गाडी साधारण १२ डॉलरला. पण तिथे लायसन्सची शिडी आहे, चोवीस तास रेस आहेत आणि तुम्ही खऱ्या नावाने उतरता. समोरच्याला ठोकलंत तर ठोकणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसतं, आणि वर्षभर नीट चालवलंत तर तेही दिसतं. पहिले काही महिने फुकट मिळणाऱ्या गाड्या आणि ट्रॅकवरच काढा. माझदा एमएक्स-५ त्यातच मिळते. शिकायला तिच्याइतकी चांगली गाडी नाही, कारण ताकद कमी असल्यामुळे चूक लपवायला जागाच राहत नाही.

सामान: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

यूट्यूबवरचे लाखा-दोन लाखांचे रिग (व्हील, पेडल आणि खुर्चीचा अख्खा सांगाडा) बघून हबकू नका. लॉजिटेकचं जी२९ किंवा जी९२३ भारतात साधारण २५ ते ३५ हजारांच्या घरात मिळतं, जुनं त्याहून बरंच स्वस्त. मोझा आर५ सारखं डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेलं) व्हील घ्यायचं तर खर्च दुपटीच्या आसपास जातो. ते जास्त सुखाचं असतं, पण लॅप टाइम त्याने आपोआप खाली येत नाही.

पुढचे पैसे हातात आले की आधी पेडल बदला, व्हील नंतर. साधं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं. लोडसेलचं पेडल पायाने किती जोर लावला ते मोजतं. अंतरापेक्षा जोर शरीराच्या जास्त लक्षात राहतो. त्यामुळे रोज त्याच जागी, तितकाच ब्रेक लागायला लागतो, आणि सातत्य आलं की वेग मागोमाग येतो.

खुर्ची चाकांची असेल तर जोरात ब्रेक दाबला की ती मागे पळते. साधी चार पायांची खुर्ची घ्या आणि पेडल भिंतीला टेकवून ठेवा. व्हील टेबलाला घट्ट आवळा. टेबल हलत असेल तर महागातलं व्हीलही वाया.

आता दोन सेटिंग, ज्यांना एक रुपया लागत नाही आणि तरी बहुतेक नवे लोक ज्यांच्याकडे बघत नाहीत. पहिलं म्हणजे दृष्टीचा कोन, ज्याला सगळे एफओव्ही म्हणतात. २७ इंची पडदा डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर बरोबर आडवा कोन येतो साधारण ५३ अंश. असेटो कोर्सामध्ये उभा कोन भरावा लागतो, तो येतो ३१ च्या आसपास. गेम आपणहून यापेक्षा बराच मोठा कोन लावून ठेवतो. त्यात वेग भन्नाट वाटतो, पण वळण खरं आहे त्यापेक्षा लांब दिसतं आणि ब्रेकचा अंदाज कायम चुकतो. बरोबर कोन लावल्यावर दोन दिवस पडद्यातून डोकावल्यासारखं वाटेल. तरी बदलू नका. पडदा जमेल तितका जवळ ओढा, म्हणजे कोन आपोआप वाढेल.

दुसरं, फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटरने व्हीलमधून हातांना जाणवणारा जोर. जोर जास्त ठेवला की गाडी खरी वाटते, म्हणून सगळे तो शंभरावर नेतात. पण मोटरची कमाल मर्यादा आली की त्यापुढचा सगळा तपशील सपाट होतो. याला क्लिपिंग म्हणतात. भर वळणात पुढचे टायर पकड सोडतात त्या क्षणी व्हील हातात किंचित हलकं पडतं, आणि नेमकं तेच तुम्हाला कळत नाही. सर्वांत वेगवान लांब वळणातही पडद्यावरचा क्लिपिंगचा पट्टा लाल होणार नाही इतका जोर खाली आणा.

इंटरनेटच्या बाबतीत पिंगच्या (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेच्या) आकड्यापेक्षा तो स्थिर आहे का ते महत्त्वाचं. मुंबई-पुण्याहून युरोपातल्या सर्व्हरपर्यंत साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात आणि त्यात व्यवस्थित रेस होते. वायफायवर मात्र आकडा उड्या मारतो, तुमची गाडी दुसऱ्यांच्या पडद्यावर गायब होऊन पुन्हा उगवते आणि लोक तुमच्यापासून लांब राहू लागतात. केबल ओढा. घरचा इन्व्हर्टर वीज गेल्यावर चालू व्हायला क्षणभर घेतो, तेवढ्यात पीसी बंद पडतो, म्हणून पीसीला यूपीएस आणि राउटरला तो छोटा डीसी यूपीएस लावा. अर्थिंगही तपासून घ्या. व्हील रेसच्या मध्येच डिस्कनेक्ट होण्यामागे कित्येकदा तेच असतं.

पहिले तीन महिने: एक गाडी, एक ट्रॅक

आयरेसिंगच्या फुकट ट्रॅकमध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला लाइम रॉक पार्क आहे. लांबी दीड मैल, सात वळणं, त्यातलं एकच डावीकडे, आणि एमएक्स-५ मध्ये लॅप साधारण मिनिटभराची. महिनाभर यावर काढलात तर पायाभूत सगळं शिकून होतं.

सरळ रस्ता संपला की पहिलं वळण येतं, बिग बेंड: लांबलचक, उजवीकडे. नवा ड्रायव्हर इथे काय करतो? सरळ रेषेत पूर्ण ब्रेक मारतो, मग पाय झटकन उचलतो आणि स्टिअरिंग वळवतो. गाडीचं नाक आत येत नाही, ती बाहेर घसरत जाते. मग तो स्टिअरिंग आणखी वळवतो, टायर किंचाळतात, आणि गाडी आणखी बाहेर जाते.

कारण समजलं तर उपाय लक्षात राहील. ब्रेक लागलेला असतो तोवर गाडीचं वजन पुढे झुकलेलं असतं, पुढचे टायर रस्त्यावर दाबले जातात आणि त्यांना पकड मिळते. पाय झटकन उचलला की वजन मागे जातं आणि ज्या टायरांकडून वळण हवं त्यांचीच पकड आपण काढून घेतो. म्हणून ब्रेक पूर्ण सोडायचा नाही. शेवटचा दहा-पंधरा टक्के दाब ठेवून गाडी वळवायला घ्या आणि स्टिअरिंग जसजसं वळत जाईल तसतसा पाय सैल करत न्या. एपेक्सला, म्हणजे वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूला, पोचेपर्यंत ब्रेक शून्यावर. हेच ट्रेल ब्रेकिंग. दाब जास्त राहिला तर मागची बाजू सुटून गाडी फिरेल, आणि सुरुवातीला ती फिरणारच. सरावात फिरू द्या, त्यातूनच मर्यादा कळते.

लाइम रॉकचं शेवटचं वळण उताराचं आहे. खाली उतरताना भीती वाटते, म्हणून सगळे गरजेपेक्षा हळू जातात. उताराच्या तळाशी गाडी रस्त्यावर दाबली जाते आणि पकड वाढते, त्यामुळे डोळ्यांना वाटतं त्याहून जास्त वेग तिथे मावतो. पुढे सगळ्यांत लांब सरळ रस्ता आहे. इथून बाहेर पडताना ताशी ३ किलोमीटर जास्त मिळाले तर ते अख्खा रस्ताभर सोबत येतात. वेळ कमी करायची असेल तर सरावाची सुरुवात या वळणापासून करा, बिग बेंड नंतर.

ब्रेकची खूण कायमची वस्तूच निवडा: पाटी, कर्बची (ट्रॅकच्या कडेच्या रंगीत पट्ट्याची) सुरुवात, डांबराचा जोड. झाडाची सावली धरू नका, रेसची वेळ बदलली की सावली सरकते.

एका बैठकीला तीस-चाळीस मिनिटं पुरेत, पण प्रत्येक बैठकीला एकच काम ठेवा. आज फक्त ब्रेक सोडणं, उद्या फक्त नजर पुढे ठेवणं. सलग दहा लॅप एकमेकींच्या ०.३ सेकंदाच्या आत आल्या की रेससाठी तयार झालात असं समजा. एकच झकास लॅप आणि नऊ भलत्याच, असा ड्रायव्हर कोणालाच नको असतो.

त्यानंतर टेलिमेट्री, म्हणजे लॅपभर ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, वेग यांची नोंद दाखवणारे आलेख. त्यासाठी आयरेसिंगला गॅरेज ६१, असेटो कोर्साला मोटेक ही साधनं आहेत. स्वतःच्या लॅपची तुलना विश्वविक्रमाशी करू नका. तुमच्यापेक्षा अर्धा-पाऊण सेकंद वेगवान असलेल्याशी करा. ब्रेकची आणि अ‍ॅक्सिलरेटरची रेषा एकावर एक ठेवा आणि दोन्ही पाय मोकळे आहेत असा सपाट तुकडा शोधा. नवख्यांच्या आलेखात तो प्रत्येक वळणात सापडतो. तिथे गाडी नुसती घरंगळत असते आणि तुमचा निम्मा तोटा त्यातच असतो.

रेस आणि लायसन्स

आयरेसिंगमध्ये सुरुवात रुकीपासून होते, मग डी, सी, बी, ए. वर चढायला लागतं सेफ्टी रेटिंग, आणि तुम्ही कोणाबरोबर रेसमध्ये पडता ते ठरतं आयरेटिंगवर. ट्रॅकबाहेर गेलात तर १ पॉइंट, गाडी फिरली तर २, दुसऱ्याला जोरात धडकलात तर ४. चूक कोणाची ते यंत्रणा बघत नाही. दोघांनाही पॉइंट बसतात. यावरून नवे लोक फार चिडतात. मला मात्र ही पद्धत पटते, कारण ती पहिल्या दिवसापासून समोरच्याची चूक ओळखून तिच्यापासून लांब राहायला शिकवते.

सेफ्टी रेटिंग मोजलं जातं ते दोन चुकांमध्ये तुम्ही किती वळणं पार केलीत यावर. म्हणजे रेस पूर्ण करणं हाच सरळ उपाय आहे. रुकीतल्या बहुतेक धडका पहिल्याच वळणात होतात: पुढची गाडी लवकर ब्रेक लावते, मागची तिच्या मागे तोडलेल्या हवेत जास्त वेगाने येते, आणि सरावात लावलेला ब्रेकचा बिंदू उपयोगाचा राहत नाही. पहिल्या लॅपला ब्रेक जरा लवकर लावा आणि नजर पुढच्या गाडीच्या पुढे ठेवा. अगदीच गोंधळ वाटला तर पहिल्या काही रेस पिटलेनमधून (ट्रॅकशेजारच्या, गाड्या थांबायच्या गल्लीतून) सुरू करा. सगळे पुढे गेले की मागून शांतपणे निघायचं. त्यात कमीपणा काही नाही, आणि दहा-बारा जण आपसात भिडल्यावर शेवटून निघालेला पहिल्या पाचात येतो हे दर संध्याकाळी दिसतं.

ओव्हरटेक करताना ब्रेकच्या जागेपर्यंत तुमची गाडी निदान अर्धी त्याच्या शेजारी पोचलेली हवी. लांबून आत उडी मारायची आणि त्याने जागा दिली तर ठीक, नाहीतर दोघंही बाहेर, असं दोनदा केलंत की लोक नाव लक्षात ठेवतात. धडक झालीच तर रिप्ले समोरच्याच्या गाडीतून बघा. चूक तुमची निघाली तर त्याला एका ओळीचा माफीचा मेसेज टाका. कुणी तुम्हाला मुद्दाम ठोकलं तर चॅटमध्ये शिव्या लिहू नका, रिप्लेसकट रीतसर तक्रार करा.

टीम आणि लांब पल्ल्याच्या रेस

सी लायसन्स आणि थोडं सातत्य आलं की लीगमध्ये उतरा. भारतीय सिम रेसर्सच्या लीग डिस्कॉर्डवर चालतात. आठवड्याला ठरलेल्या रात्री तेच तेच पंचवीस-तीस लोक भेटतात. ओळख तिथेच होते.

मग येतात सहनशक्तीच्या रेस: डेटोनाची २४ तासांची, सेब्रिंगची १२ तासांची, नुर्बुर्गरिंग, स्पा. एक गाडी, तीन-चार ड्रायव्हर, प्रत्येकाचे स्टिंट (सलग चालवायची पाळी) ठरलेले. वेळा जीएमटीमध्ये दिलेल्या असतात. त्यात साडेपाच तास मिळवायचे. शनिवारी सकाळी ७ जीएमटीची वेळ आपल्याकडे दुपारी साडेबाराला येते, ती आपल्याला सर्वांत सोयीची. अशा रेसमध्ये तुमच्या पहाटे साडेतीनच्या स्टिंटवर बाकी तिघांचा महिनाभराचा सराव अवलंबून असतो. इथे अर्धा सेकंद हळू असलेला पण गाडी जशीच्या तशी परत आणून देणारा ड्रायव्हर सोन्यासारखा.

रेडिओवरचं बोलणं इंग्रजीत होतं याचं दडपण घेऊ नका. कामाची वाक्यं वीस-पंचवीस असतात: पेट्रोल किती उरलं, या लॅपला पिटला येतोय, पुढे पिवळा झेंडा आहे. ती पाठ करा. शांत आवाजात थोडकं बोललं की पुरतं.

पैसा

इथे सरळ बोलतो. बक्षिसांचे मोठे आकडे खरे आहेत. आयरेसिंगवर होणाऱ्या ई-नॅस्कारच्या कोका-कोला मालिकेच्या विजेत्याला २०२० मध्ये १ लाख डॉलर मिळाले. पण तिथे चाळीस जण असतात आणि हजारोंच्या चाळणीतून आलेले असतात. फक्त बक्षिसांवर घर चालवणारा सिम रेसर जगभरातही विरळाच. त्यामुळे शिक्षण किंवा नोकरी सोडून यात उडी घेऊ नका. बारावीच्या वर्षी रात्री दीडच्या रेस बंद ठेवा, ट्रॅक कुठे पळून जात नाहीत.

खेळाच्या अवतीभवती मात्र कामं आहेत: नवख्यांना कोचिंग, सेटअप (गाडीची जुळवणी) बनवणं, गाड्यांवरच्या रंगसंगतीची डिझाइन, कॉमेंट्री, लीगमध्ये स्ट्युअर्ड (धडकांचा निवाडा करणारा पंच), सिम रेसिंग सेंटरचं व्यवस्थापन, रिग बांधून देणं. मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलला असाल तर कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनीच रेसची गाडी बनवायची स्पर्धा) टीममध्ये घुसा. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारतला पुण्या-मुंबईची कॉलेजं जातात, आणि टेलिमेट्री वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी तिथे लगेच उपयोगी पडते. माझ्या मते सिम रेसिंगमधून पक्क्या पगाराकडे जाणारी सर्वांत भरवशाची वाट हीच.

सरकारी बाजूही समजून घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि विषय क्रीडा खात्याकडे आला. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले, ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे ठेवले. प्रवेश फी आणि बक्षीस असलेली स्पर्धा चालते; निकालावर पैसे लावायचा प्रकार दिसला तर तिकडे फिरकू नका. बक्षीस आलं की कर आलाच. पावत्या आणि ईमेल जपून ठेवा आणि पहिल्याच वर्षी सीएला दाखवा.

खऱ्या ट्रॅकवर जायची इच्छा असेल तर सुरुवात कार्टिंगपासून. कोल्हापुरात मोहित्यांचा ट्रॅक आहे, मुंबईत वडाळ्याला कार्टिंग आहे. वळणाची रेषा आणि ब्रेकचं टायमिंग सिममधून जसंच्या तसं उपयोगी पडतं. मान, मनगटं आणि बरगड्या मात्र पहिल्या दिवशी चांगल्याच बोलतात, तेव्हा व्यायाम आधीपासून चालू ठेवा.

टीमला काय लिहायचं

वर्षभर नीट चालवल्यावर टीमला जागा मागायला लाजू नका. बहुतेक जण आपला सर्वांत वेगवान लॅप टाइम पाठवतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. तुम्ही वेगळं पाठवा. एकाच मालिकेतल्या तीन पूर्ण रेसच्या रिप्लेच्या लिंक, त्यातली निदान एक अशी की जिच्यात तुम्ही मागून सुरुवात करून एकही धडक न होता वर आलात. सलग तासाभराच्या एका स्टिंटच्या सगळ्या लॅप टाइम. लायसन्स आणि दोन्ही रेटिंग. आठवड्यातल्या कोणत्या रात्री, भारतीय वेळेनुसार किती ते किती मोकळे असता. इंटरनेट गेलं तर दुसरी सोय काय आहे. आणि ज्या लीगमध्ये चालवता तिथल्या एखाद्या स्ट्युअर्डचं नाव, त्यांना आधी विचारून.

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच नम्रपणे आठवण करा आणि पुढच्या टीमला लिहा. उत्तर आलं तर बहुधा चाचणीला बोलावतील: त्यांचा सेटअप, टाकी भरलेली, जुने टायर, तीस-चाळीस लॅप. पहिल्या पाच लॅपमध्ये वेळ दाखवायला जाऊ नका, ते शेवटच्या दहा लॅप बघत असतात.